मानांकन आणि चिठ्ठ्या
(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)

टेनिसच्या स्पर्धेचा ड्रॉ हाती आला, की पेन्सिल घेऊन बसायची माझी जुनी खोड आहे. पहिल्या फेरीपासून एकेक नाव पुढच्या रकान्यात ढकलत न्यायचं, शेवटी विजेत्याचं नाव लिहायचं आणि कागदाची घडी घालून ठेवायची. स्पर्धा संपली की घडी उघडायची. घरात याला ‘कुंडली मांडणं’ म्हणतात, आणि माझ्या कुंडल्या बहुधा चुकतात. आज बोलायचं आहे ते या चुकण्याविषयीच. ज्या स्पर्धेत कोण जिंकेल ते कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही, तिथे दावेदार ठरवायचे कुणी, कसे, आणि हा रिवाज आला कुठून, याविषयी.

सुरुवात आपल्या महाराष्ट्रापासून करू. १९९६ साली दिल्लीत सुरू झालेली आणि पुढच्या वर्षापासून चेन्नईत रुजलेली एटीपीची स्पर्धा २०१८ साली पुण्याला आली. नाव पडलं महाराष्ट्र ओपन. बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभं राहिलं होतं; तिथल्या कोर्टांवर आता जगातले पहिल्या पन्नासातले खेळाडू उतरणार होते. मी नागपूरहून रात्रीची गाडी पकडून गेलो. खिशात घडी घातलेला कागद होताच. त्यावर लिहिलं होतं: मरिन चिलिच. त्यात धाडस काहीच नव्हतं. चिलिच अव्वल मानांकित होता, २०१४ चा अमेरिकन विजेता होता आणि सहाच महिन्यांपूर्वी विम्बल्डनची अंतिम लढत खेळला होता. खालच्या अर्ध्या भागातून मी केव्हिन अँडरसनला आणलं होतं. तोही नुकताच अमेरिकन स्पर्धेचा उपविजेता ठरलेला.

अँडरसन आला, चिलिच आला नाही. त्याला उपांत्य फेरीत हरवलं जिल सिमॉं नावाच्या फ्रेंच माणसाने. वय ३३, क्रमवारीत ८९ वा, मानांकन नाही. अंगाने किडकिडीत, सर्व्हिस बेताची. समोरच्याचाच वेग घेऊन चेंडू परत करत राहायचा, आणि समोरचा कंटाळला की मग आपला डाव टाकायचा. त्याने तिसरा मानांकित बॉतिस्ता आगुत, पहिला मानांकित चिलिच आणि अंतिम फेरीत दुसरा मानांकित अँडरसन असे तिघे ओळीने उडवले. शनिवारी रात्री ७-६, ६-२ असा निकाल लागला. परतीच्या गाडीत मी कागद उघडून पाहिला, तेव्हा लक्षात आलं, की पहिल्याच रकान्यात मी सिमॉंच्या नावावर काट मारली होती आणि त्यासाठी क्षणभरही विचार केला नव्हता. नावापुढे आकडा नव्हता, एवढंच पुरेसं वाटलं होतं.

हा आकडा आला कुठून? पूर्वी टेनिसमध्ये सगळीच नावं चिठ्ठ्यांवर लिहून एका भांड्यातून काढत. त्यामुळे कधी दोन सर्वांत बलवान खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर येत आणि अंतिम लढत अगदीच मिळमिळीत होई. विम्बल्डनने १९२४ साली यावर अर्धामुर्धा इलाज केला आणि १९२७ पासून खेळाडूंच्या योग्यतेनुसार मानांकन सुरू केलं. इंग्रजीत त्याला सीडिंग म्हणतात. सीड म्हणजे बी. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सरकी टोबताना आपण अंतर राखतो, एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये म्हणून. तसेच चांगले खेळाडू ड्रॉमध्ये लांब लांब पेरायचे. पहिला सर्वांत वर, दुसरा सर्वांत खाली, तिसरा-चौथा उरलेल्या दोन पावांमध्ये. बाकीच्यांच्या चिठ्ठ्या.

आणि गंमत बघा, ज्या वर्षी ही पेरणी सुरू झाली, त्याच वर्षी तिचा अंदाज चुकला. १९२७ साली चौथं मानांकन होतं फ्रान्सच्या हेन्री कोशेला. उपांत्यपूर्व फेरीत तो पहिले दोन सेट हरला आणि मग जिंकला. उपांत्य फेरीत बिल टिल्डनविरुद्ध दोन सेट गमावून तिसऱ्यात १-५ असा मागे होता, तिथूनही जिंकला. अंतिम फेरीत बोरोत्राविरुद्ध पुन्हा दोन सेट गेले, त्याचे मॅच पॉइंट वाचवले आणि विजेतेपद घेऊन गेला. ही कुंडली कुठल्या ज्योतिषाने मांडली असती?

तर मानांकन देणारे कोण होते? एका खोलीत बसलेली चार-पाच माणसं. इथे मला माझ्या स्वतःच्या एका पापाची कबुली द्यायची आहे.

१९८३ सालचा हिवाळा. मी तेव्हा बँकेत नवा लागलो होतो आणि आपल्याच शहरातल्या एका क्लबात संध्याकाळी खेळायला जात असे. क्लबाची पोरांची स्पर्धा होती, सोळा नावं. ड्रॉ करायला तिघे बसलो. अक्षर बरं म्हणून कागद माझ्याकडे. चार मानांकनं द्यायची होती. आमच्या मार्करचा मुलगा त्यात होता. हे मार्कर म्हणजे सकाळी कोर्टावर पाणी मारणारे, चुन्याच्या रेघा आखणारे आणि दिवसभर सभासदांना खेळवणारे गृहस्थ. त्यांचा पोरगा लहानपणापासून चेंडू उचलता उचलता खेळायला शिकला होता. आम्ही मोठे लोकही सरावात त्याच्याकडून हरत होतो, हे तिघांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, “याला पहिल्या दोनांत घ्यायला पाहिजे.” वयाने मोठे असलेले एक सभासद म्हणाले, “अहो, पण तो जिंकला आहे कुठे? एका तरी स्पर्धेत नाव दाखवा.” दाखवायला नाव नव्हतं, कारण तोवर त्याला कुणी स्पर्धेत उतरवलंच नव्हतं. प्रवेश फी होती, पांढरे कपडे लागत, स्वतःची रॅकेट लागे. मी पुढे काही बोललो नाही. चार मानांकनं चार ओळखीच्या घरांत गेली. मग चिठ्ठ्या काढल्या. त्या अगदी सचोटीने काढल्या, हेही सांगतो. पोराची चिठ्ठी निघाली पहिल्या मानांकितासमोर.

मंगळवारी दुपारी अडीचला ती मॅच झाली. बघायला आम्ही पाच-सहा जण. पोरगा तिसऱ्या सेटमध्ये ५-७ असा हरला. पहिल्या मानांकिताने पुढे फायनल ६-१, ६-२ अशी मारली. त्या दिवशी मात्र मांडव होता, खुर्च्या होत्या, चहा होता, ट्रॉफी होती. खरी फायनल मंगळवारीच होऊन गेली होती. दुसऱ्या वर्षी मी प्रवेशिका घ्यायला बसलो, तेव्हा मार्करना विचारलं, “पोराचं नाव लिहू ना?” ते म्हणाले, “राहू द्या साहेब, तो आता कामाला लागला.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून ‘दावेदार कोण’ हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ करमणुकीचा राहिला नाही. व्यावसायिक टेनिसमध्येही हाच तंटा होता. कुणाला घ्यायचं, कुणाला मागे ठेवायचं, हे संघटना आणि आयोजक ठरवत. खेळाडूंची संघटना झाली आणि २३ ऑगस्ट १९७३ रोजी संगणकाने काढलेली पहिली क्रमवारी प्रसिद्ध झाली. रुमानियाचा इली नास्तासे पहिला. यंत्राला कुणाचं आडनाव कळत नाही, कुणाचा बाप काय करतो हे कळत नाही. मला विचाराल तर मैदानाबाहेर टेनिसमध्ये झालेली ही सर्वांत मोठी सुधारणा आहे. पण यंत्र ‘जिंकला आहे कुठे?’ हाच प्रश्न विचारतं. गेल्या ५२ आठवड्यांत काय केलं, त्याचे गुण. आठवडा उलटला की मागच्या वर्षीचे त्या आठवड्याचे गुण गळून पडतात. गुण हवेत तर मोठी स्पर्धा खेळली पाहिजे आणि मोठी स्पर्धा खेळायची तर गुण पाहिजेत. मार्करच्या पोरापुढे जे दार बंद होतं, त्याची चौकट तशीच राहिली. फक्त दारावरचा माणूस गेला आणि तिथे यंत्र बसलं.

या दाराला एक खिडकी ठेवली आहे, तिला वाइल्ड कार्ड म्हणतात. म्हणजे आयोजकांच्या मर्जीने मिळणारा प्रवेश. पुन्हा मर्जी आलीच! पण त्या मर्जीने काय काय घडलं ते बघा. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये लिअँडर पेस क्रमवारीत १२६ वा होता, वाइल्ड कार्डवर आला होता. चिठ्ठीत त्याच्यासमोर निघालं होतं पीट सॅम्प्रसचं नाव. सॅम्प्रसने दुखापतीमुळे माघार घेतली, त्याच्या जागी रिची रेनेबर्ग आला. तिथून पेस एन्क्विस्टला, फुरलानला हरवत उपांत्य फेरीत पोहोचला, आगासीकडून हरला आणि ब्राझीलच्या मेलिजेनीविरुद्ध पहिला सेट गमावून कांस्यपदक घेऊन आला. १९५२ साली हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी कांस्य मिळवलं होतं. त्यानंतर ४४ वर्षांनी भारताला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक पदक. २००१ साली विम्बल्डनने गोरान इव्हानिसेविचला असंच कार्ड दिलं. तो तेव्हा १२५ वा. १९९२, १९९४ आणि १९९८ अशा तीन अंतिम फेऱ्या हरलेला तो माणूस, सगळ्यांनी संपला म्हणून सोडून दिलेला, त्या वर्षी जिंकला.

मर्जीची दुसरी बाजूही सांगायला हवी. विम्बल्डनची समिती बरीच वर्षं जागतिक क्रमवारी बाजूला ठेवून आपल्या हिशेबाने मानांकन देत असे. गवतावर कोण चांगला खेळतो ते पाहून. मातीवर खेळणारे स्पॅनिश खेळाडू यावर इतके चिडले, की २००० साली कोरेत्खा, कोस्टा यांनी स्पर्धेकडेच पाठ फिरवली. पुढच्या वर्षापासून मानांकनं सोळाची बत्तीस झाली, पुरुषांसाठी एक ठरीव सूत्र आलं, आणि २०२१ पासून तेही जाऊन सरळ क्रमवारी धरली जाऊ लागली. महिलांच्या बाबतीत समितीने थोडी मोकळीक ठेवली होती. २०१८ साली सेरेना विल्यम्स बाळंतपणानंतर परतली होती, क्रमवारीत १८३ वी. समितीने तिला २५ वं मानांकन दिलं. ती अंतिम फेरीपर्यंत गेली, म्हणजे समितीचा अंदाज बरोबर ठरला. पण बत्तीसच जागा होत्या. सेरेना आत आली तेव्हा क्रमवारीत ३२ वी असलेली स्लोव्हाकियाची डॉमिनिका सिबुल्कोवा बाहेर पडली. तिने तक्रार केली, मग निमूट खेळली आणि मानांकनाशिवाय उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली. सेरेनाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. माझं मन मात्र त्या बत्तिसावीपाशी अडकतं.

पुन्हा पुण्याकडे येऊ. महाराष्ट्र ओपन पाच वेळा झाली: २०१८, २०१९, २०२०, २०२२ आणि २०२३. २०२१ साल कोरोनात गेलं. पाचांपैकी फक्त एकदा अव्वल मानांकित जिंकला, २०१९ चा अँडरसन. आणि तोसुद्धा कसा? समोर ३९ वर्षांचा इव्हो कार्लोविच, उंची २ मीटर ११ सेंटिमीटर. अँडरसनही २ मीटर ३. तिन्ही सेट टायब्रेकला गेले आणि शेवटचा टायब्रेक ७-५ असा सुटला. दोन चेंडू इकडचे तिकडे झाले असते, तर पाचही वर्षांचा हिशेब एकसारखा झाला असता. २०२० साली चेक प्रजासत्ताकाचा डावखुरा यिरी वेसेली जिंकला. उपांत्यपूर्व आणि उपांत्य अशा दोन्ही फेऱ्यांत तो मॅच पॉइंट वाचवून आला होता. २०२२ ला पोर्तुगालचा जुआंव सूझा. हे दोघेही क्रमवारीत शंभराच्या बाहेर. २०२३ ला नेदरलँड्सचा टॅलन ग्रीकस्पूर, ९५ वा, कारकिर्दीतलं पहिलं एटीपी विजेतेपद.

ही स्पर्धा इतकी खुली का होती, यावर मी बराच विचार केला आहे. एक तर वेळ. कधी वर्षाचा पहिला आठवडा, म्हणजे सुट्टीत कुणी किती सराव केला, कुणाचा खांदा दुखतो आहे, काही कळायला मार्ग नाही. यादीतला आकडा मागच्या वर्षीचा, माणूस या वर्षीचा. कधी फेब्रुवारी, म्हणजे मेलबर्नहून मोठे खेळाडू दमून घरी गेलेले आणि त्याच आठवड्यात दुसरीकडेही स्पर्धा चालू. येणाऱ्यांत ४० वा आणि ११० वा यांच्यात फरक तसा सुपारीएवढा. दुसरं, पुण्याची उंची. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर चेंडू जरा जास्त पळतो, जोरदार सर्व्हिसला मदत होते, सेट टायब्रेकपर्यंत ताणले जातात. आणि टायब्रेकमध्ये मोठा-लहान हा भेद फारसा टिकत नाही. त्यामुळे पुढेपुढे मी आकडा सोडून दुसऱ्या गोष्टी पाहायला लागलो. कोण आदल्या आठवड्यात कुठे खेळला, कोण किती लांबून विमानाने आला, पात्रता फेरीतून वर आलेला कोण आहे, म्हणजे याच कोर्टांवर दोन मॅचेस आधीच जिंकून बसलेला. ग्रीकस्पूरचंच घ्या. २०२१ या एका वर्षात त्याने चॅलेंजर दर्जाच्या आठ स्पर्धा जिंकल्या होत्या. हे छापून आलेलं होतं. माझ्या २०२३ च्या कागदावर तरीही चिलिचच होता! खोड जात नाही म्हणतात ती अशी.

त्याच २०२३ च्या स्पर्धेत पुण्याच्या मानस धामणेला वाइल्ड कार्ड मिळालं होतं. वय १५. अमेरिकेच्या मायकेल मोकडून तो २-६, ४-६ असा हरला. दुसऱ्या सेटमधले ते चार गेम कुठल्याही यादीत फार वजनाचे नाहीत. पण ती मॅच बालेवाडीत झाली म्हणूनच तो खेळू शकला. परदेशातला आयोजक पुण्याच्या पंधरा वर्षांच्या मुलाला कशाला कार्ड देईल? पाच वर्षांचा पुण्याचा मुक्काम २०२३ ला आटोपला आणि २०२४ च्या जानेवारीत हाँगकाँगची स्पर्धा पुन्हा सुरू झाली. आपल्याकडून गेली ती नुसती स्पर्धा नव्हे. वर्षाकाठी तीन-चार पोरांसाठी उघडणारी ती खिडकी गेली. पुण्यात चॅलेंजर स्पर्धा होतात, ते चांगलंच आहे, पण ती पायरी निराळी.

आता तुम्ही म्हणाल, नागपूरकर असून सगळं पुण्याचंच सांगता. तर आपल्या घरचंही सांगतो. खेळ वेगळा, साचा मात्र टेनिसचाच: बाद फेऱ्या, वरपासून खालपर्यंत मानांकनं. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक झाला. १०७ खेळाडू. नागपूरची दिव्या देशमुख तिथे पंधराव्या मानांकनाने गेली. बुद्धिबळात चिठ्ठ्याही नसतात, रेटिंगनुसार जोड्या लागतात. पंधरावी म्हणजे चौथ्या फेरीत दुसरी मानांकित समोर येणार हे कागदावर आधीच दिसत होतं. तशी ती आलीच, चीनची झू जिनर. दिव्याने टायब्रेकमध्ये तिला हरवलं. मग हरिका द्रोणवल्ली. मग माजी जगज्जेती तान झोंगयी. अंतिम फेरीत कोनेरू हम्पी, जिने पहिल्या मानांकित लेई तिंगजीला बाहेर काढलं होतं. दोन डाव बरोबरीत सुटले आणि २८ जुलैला जलद टायब्रेकमध्ये दिव्या जिंकली. वय १९. जाताना ती ग्रँडमास्टर नव्हती. येताना देशाची ८८ वी ग्रँडमास्टर होऊन आली.

त्या आठवड्यात आपल्या शहरात ‘चमत्कार, चमत्कार’ असं फार ऐकलं. मला तो शब्द पटत नाही. २०२४ साली ती ज्युनिअर मुलींची जगज्जेती झाली होती. त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या सुवर्णाबरोबर तिने तिसऱ्या पटावर वैयक्तिक सुवर्ण घेतलं होतं. बातुमीच्या महिनाभर आधी लंडनला ब्लिट्झच्या डावात तिने क्रमवारीत जगात पहिली असलेल्या हाऊ यिफानला हरवलं होतं. हे सगळं उघड्यावर होतं. वाचणाऱ्याने पंधरा हा आकडा वाचला आणि तिथेच थांबला. मीही थांबलो होतो. माझ्या त्या कागदावर दिव्या चौथ्या फेरीत बाद आहे.

गेल्या हिवाळ्यात इथेच मुलांच्या एका टेनिस स्पर्धेला गेलो होतो. हल्ली ड्रॉ मोबाइलवर येतो. मी आता विजेता लिहीत नाही. पहिल्या मानांकिताच्या पहिल्या फेरीत समोर कोण आलं आहे, तेवढं पाहतो आणि ती मॅच बघायला जातो. मुलींच्या गटात त्या जागी एक अनोळखी नाव होतं, पुढे आकडा नाही. सकाळी साडेआठला मागच्या कोर्टावर मॅच होती. बघायला मी आणि त्या मुलीची आजी, दोघंच. आजींनी मला विचारलं, “काहो भाऊ, समोरची पोरगी एक नंबरची आहे म्हणून राहिले सारे. आमचीचा नंबर कितवा?”

मी म्हटलं, “तिला अजून नंबर नाही दिला आजी.”

“असं का,” म्हणाल्या, आणि पिशवीतून पाण्याची बाटली काढून मांडीवर धरून बसल्या. पहिला गेम त्यांच्या नातीने आपल्या सर्व्हिसवर घेतला.